लेकराची स्पीच थेरपी : आठवड्यातून किती वेळा?

ज्या घरात उशिरा बोलणारे, बोबडे बोलणारे किंवा अडखळणारे लेकरू आहे, त्या घरातून एक प्रश्न हमखास येतो : "थेरपी आठवड्यातून किती वेळा करायची?" या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. बीडला किंवा अंबाजोगाईला जायचे म्हणजे एक रोज बुडतो, एसटीचे भाडे लागते, घरी दुसरी लेकरे असतात. मग दर आठवड्याला जाणे खरेच गरजेचे आहे का? महिन्यातून एकदा गेले तर चालेल का? आणि ऊसतोडीला गेल्यावर काय करायचे?

थोडक्यात उत्तर आधी सांगतो. बहुतेक लेकरांना सुरुवातीचे काही महिने आठवड्यातून एक ते दोन वेळा तज्ज्ञाकडे नेणे चांगले. काही अडचणींमध्ये आठवड्यातून तीन ते पाच वेळा थेरपी लागते. मात्र अडचण कोणतीही असो, घरचा सराव रोजचा असतो. तज्ज्ञ वाट दाखवतो, चालायचे घरीच असते. भेटी कमी होणार असतील तर घरचा सराव तेवढाच पक्का हवा. आता हे नीट समजून घेऊ.

थेरपीचाही डोस असतो

ताप आला की डॉक्टर तीन गोष्टी सांगतात : गोळी किती, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस. थेरपीचा हिशेबही असाच आहे. एका बैठकीत लेकराने तो आवाज किंवा तो शब्द किती वेळा म्हटला, आठवड्यात अशा बैठका किती झाल्या आणि हे किती महिने चालले, या तिन्हींचा मिळून डोस होतो. नुसते "आम्ही थेरपीला जातो" एवढ्याने काही कळत नाही. अर्ध्या तासाच्या बैठकीत लेकरू पाच-सात वेळाच बोलले आणि बाकी वेळ रडण्यात गेला, तर ती खेप झाली पण डोस मिळाला नाही. उच्चाराच्या थेरपीत अर्ध्या तासात निदान पन्नास वेळा तरी तो आवाज तोंडातून निघावा, असे या विषयातले अभ्यासक सांगतात.

बैठका जवळजवळ असाव्यात की लांब लांब, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत २०१३ साली तीन ते साडेपाच वर्षांच्या ५४ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांचे उच्चार अस्पष्ट होते. एका गटाला आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे थेरपी दिली. दुसऱ्या गटाला आठवड्यातून एकदाच, पण चोवीस आठवडे दिली. दोन्ही गटांना बैठका चोवीसच मिळाल्या. शेवटी आठवड्यातून तीन वेळा शिकलेला गट पुढे गेलेला दिसला. मधे फार दिवस गेले की शिकलेले मागे पडते, हे शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बोलण्याचेही तसेच आहे.

यातून आपल्यासाठी मोठी गोष्ट निघते. महिन्यातून एकदा तज्ज्ञाकडे गेलो आणि लेकराने तिथे पन्नास वेळा आवाज काढला, तर महिन्याचा हिशेब पन्नास. तेच घरी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे बसून प्रत्येक वेळी तीस वेळा म्हणवून घेतले, तर दिवसाला साठ आणि महिन्याला अठराशे होतात. फरक केवढा पडतो बघा. पण एक अट आहे. घरी जे म्हणवून घ्यायचे ते बरोबर असले पाहिजे. चुकीचे अठराशे वेळा घोटले तर चूकच पक्की होते. म्हणून तज्ज्ञाची भेट आणि घरचा सराव, दोन्ही लागतात.

आधी कान तपासा

कोणतीही थेरपी सुरू करण्यापूर्वी कानाची तपासणी झालीच पाहिजे. जे ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. दाराचा आवाज झाला की वळून बघते, म्हणजे ऐकू येते, असे समजू नका. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या लेकरालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. वरचेवर सर्दी होऊन कान वाहणाऱ्या लेकरांचे ऐकणे कमी-जास्त होते आणि त्याचा बोलण्यावर परिणाम होतो. लहान बाळ उत्तर देऊ शकत नसले तरी बेरा नावाच्या तपासणीने त्याचे ऐकणे मोजता येते. ही तपासणी बाळ झोपेत असताना होते आणि दुखत नाही.

कधी दाखवायचे? बाळ वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे झाले तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, चार वर्षांचे झाले तरी बाहेरच्या माणसाला त्याचे बोलणे कळत नाही, यातले काहीही असेल तर थांबू नका. येत असलेले शब्द बंद झाले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या बोलीत "पाणी" ऐवजी "पानी", "लोणी" ऐवजी "लोनी" म्हणतात. हा वाचादोष नव्हे, ही बोली आहे. घरातले सगळेच तसे बोलत असतील तर लेकराला थेरपीची गरज नाही. तसेच र, ळ, श असे अवघड आवाज काही लेकरांना पाच-सहा वर्षांपर्यंत नीट येत नाहीत. तेवढ्यावरून घाबरू नये.

कोणत्या अडचणीला किती वेळा?

पुढे दिलेले प्रमाण साधारण आहे. नेमके किती, हे तपासणी केलेला तज्ज्ञच ठरवील. पण त्यांच्यासमोर बसताना आपल्याला अंदाज असावा म्हणून हे दिले आहे.

*उशिरा बोलणारे लेकरू.* दोन-तीन वर्षांचे आहे, कान चांगले आहेत, समजते सगळे, पण शब्द कमी आहेत. अशा वेळी तज्ज्ञ मुख्यतः आई-वडिलांना शिकवतात. सुरुवातीला आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक भेट पुरते. बाकी काम दिवसभर घरात चालते. आई-वडिलांनी नीट शिकून घेऊन दिलेली भाषेची थेरपी लेकरांना उपयोगी पडते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

*अस्पष्ट उच्चार.* "कावळा" ला "तावळा", "गाडी" ला "दादी" म्हणणारे चार-पाच वर्षांचे लेकरू. आठवड्यातून दोन वेळा, जमल्यास तीन वेळा, अर्धा तास. रोज घरी सराव. बऱ्याच लेकरांना यातून काही महिन्यांत फरक दिसतो.

*तोंडाच्या हालचालींची जुळवणी न जमणे.* याला ॲप्रॅक्सिया म्हणतात. लेकराला काय बोलायचे ते माहीत असते, पण जीभ-ओठ त्या क्रमाने हलत नाहीत. एकच शब्द ते दर वेळी वेगळा म्हणते. ही अडचण कमी लेकरांत आढळते, पण थेरपी इथेच सर्वांत जास्त लागते. अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ च्या अहवालात आठवड्यातून तीन ते पाच वेळा, एकेका मुलाला स्वतंत्रपणे थेरपी देण्याचा सल्ला दिला आहे. बैठक लहान असली तरी चालते, पण ती वारंवार हवी.

*अडखळणे, तोतरेपणा.* दोन ते पाच वर्षांच्या वयात बरीच लेकरे अडखळू लागतात आणि त्यातली बहुसंख्य आपोआप बरी होतात. पण कोणते बरे होईल हे आधी सांगता येत नाही. सहा महिने झाले तरी थांबले नाही, बोलताना चेहरा ताणला जातो, डोळे मिटतात, किंवा घरात मोठ्या कोणाला हा त्रास आहे, तर लगेच दाखवा. ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकोंब नावाची पद्धत सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी वापरतात. तिच्यात आठवड्यातून एकदा तज्ज्ञाची भेट असते आणि रोजची थेरपी आई किंवा वडील घरी देतात. न्यूझीलंडमध्ये या पद्धतीची रीतसर चाचणी झाली आणि तिचा निकाल २००५ साली आला. थेरपी मिळालेल्या मुलांचे अडखळणे, थेरपी न मिळालेल्यांच्या तुलनेत बरेच कमी झाले होते. बोलणे सुधारल्यावर भेटी एकदम बंद करत नाहीत, हळूहळू लांबवतात.

*फाटलेला ओठ किंवा टाळू.* ओठाचे ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूचे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. टाळूचे ऑपरेशन बोलणे सुरू होण्याच्या वयात झाले तर बोलणे चांगले येते. "ऑपरेशन झाले, आता काम संपले" असे समजू नका. नाकातून बोलणे, आवाज गिळणे या सवयी मोडायला ऑपरेशननंतर थेरपी लागते. आठवड्यातून एक-दोन वेळा, काही महिने, आणि नंतर मोठे होईपर्यंत अधूनमधून तपासणी.

*ऐकू न येणे.* आधी कानाचे मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, मग थेरपी. मशीन लावले की लेकरू लगेच बोलेल असे होत नाही. ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावायला त्याला शिकावे लागते. आठवड्यातून एक-दोन भेटी दोन-तीन वर्षे चालतात. जागेपणी सगळा वेळ मशीन कानाला असणे, हा इथला रोजचा डोस आहे. मशीन पेटीत ठेवून थेरपीला गेले तर उपयोग नाही. जन्मतः बहिऱ्या लेकरांच्या इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण तिला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणून इथे एकेक महिना मोलाचा आहे.

*स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी.* या लेकरांची थेरपी लांब पल्ल्याची असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे, आणि बोलण्याबरोबर हातापायाची, वागण्याचीही. काही लेकरे चित्रे दाखवून किंवा खुणांनी आपले म्हणणे सांगायला शिकतात. खुणा शिकवल्या तर लेकरू कधीच बोलणार नाही, ही भीती खोटी आहे. सांगता आले की लेकराचा राग कमी होतो आणि बोलण्यालाही मदतच होते.

जायचे कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून सुरू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. फाटलेला ओठ-टाळू, बहिरेपणा आणि बोलण्यातला उशीर या गोष्टी त्यात येतात. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एकदा येते. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "याचे बोलणे तपासा." पाच मिनिटांच्या तपासणीत गप्प बसलेल्या लेकराची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही.

पथकाने चिठ्ठी दिली की पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्हावी, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. त्यासाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. परळी, केज, धारूरच्या कुटुंबांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडते. तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येते. आष्टीच्या लोकांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ आहे. अवघड प्रकरणात मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वासाठीच ती १९८३ साली स्थापन झाली.

शाळेत जाणाऱ्या लेकरासाठी मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे अर्ज करा. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. खाजगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

प्रवासाचाही विचार करा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. आईने किंवा आजीने नेले तर खर्च निम्मा होतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचे ओळखपत्र असेल तर लेकरालाही सवलत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची यादी आहे. वाचा व भाषा, श्रवण, स्वमग्नता हे प्रकार तीत आहेत. मात्र बोबड्या बोलणाऱ्या प्रत्येक लेकराला प्रमाणपत्र मिळत नाही, कायमची अडचण असेल तरच मिळते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीला प्रमाणपत्र लागत नाही, हे लक्षात ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्या लेकरांसाठी निरामया ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. थेरपीच्या खर्चाचा काही भाग तिच्यातून मिळतो.

दर आठवड्याला जाणे जमत नसेल तर

हे तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. लाजू नका. "आम्हाला महिन्यातून एकदाच यायला जमते, त्याप्रमाणे घरचे काम लावून द्या," असे स्पष्ट म्हणा. न सांगता येणे बंद केले तर तज्ज्ञांना वाटते की घरच्यांना काळजी नाही. सांगितले तर ते भेट मोठी करतात, जास्त दिवसांचा सराव देतात, फोनवर विचारपूस करतात.

प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारून घ्या :

१. आत्ता कोणत्या एका गोष्टीवर काम करायचे?
२. घरी रोज किती मिनिटे आणि किती वेळा म्हणवून घ्यायचे?
३. बरोबर आले हे आम्ही कसे ओळखायचे? चुकले तर काय करायचे?
४. बरोबर येऊ लागले की पुढची पायरी कोणती?

मग तज्ज्ञांसमोर तुम्ही स्वतः पाच मिनिटे लेकराचा सराव घेऊन दाखवा. तुमचे चुकत असेल तर ते तिथेच सुधारतील. परवानगी घेऊन त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. घरी गेल्यावर वडिलांना, आजीला तोच दाखवता येतो.

घरचा सराव कसा घ्यायचा?

वेळ ठरलेली ठेवा. सकाळी अंघोळीनंतर दहा मिनिटे, रात्री जेवणाआधी दहा मिनिटे. टीव्ही आणि मोबाईल बंद. लेकरू भुकेले किंवा झोपेला आलेले नसावे. एक तास दामटून बसवण्यापेक्षा दहा मिनिटे दोनदा बसणे कितीतरी चांगले. कंटाळलेले लेकरू शिकत नाही.

समजा, लेकरू "क" ला "त" म्हणते. पहिले काही दिवस ते फक्त ऐकेल. तुम्ही "काका", "ताता" म्हणायचे आणि त्याने "क" ऐकला की टाळी वाजवायची. मग एकटा "क". मग का, की, कू. मग "काका", "कप", "काळा". मग "काका आला", "काळा कप दे". दहापैकी आठ वेळा बरोबर आले की पुढची पायरी, नाहीतर त्याच पायरीवर आणखी चार दिवस. बरोबर आले की लगेच शाबासकी द्या. चुकले तर रागावू नका, आपण एकदा बरोबर म्हणून दाखवा आणि पुढे जा.

उशिरा बोलणाऱ्या लेकरासाठी वेगळ्या बैठकीची गरज नाही. भाकरी करताना, पाणी भरताना, कपडे घालताना छोट्या वाक्यांत बोला : "पीठ मळते. भाकरी थापते. भाकरी गरम." ते "पानी" म्हणाले की तुम्ही एक शब्द वाढवा : "थंड पानी." काही हवे असेल तर हातात देण्याआधी विचारा, "केळी की बिस्कीट?" आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प थांबा. आपण घाईने देऊन टाकतो आणि लेकराला बोलायची गरजच उरत नाही. घरात जी बोली बोलता तिच्यातच बोला. त्यासाठी पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी लागत नाही.

अडखळणाऱ्या लेकराला "हळू बोल", "नीट बोल", "दम घे" असे टोकू नका. आपण स्वतः सावकाश बोला. त्याचे वाक्य तोंडातून ओढून घेऊन पूर्ण करू नका. तोंडाकडे नको, डोळ्यांकडे बघा आणि ते काय सांगते आहे ते ऐका.

प्रगती मोजायची एक सोपी रीत आहे. दहा शब्द ठरवा. दर पौर्णिमेला तेच दहा शब्द म्हणवून व्हिडिओ काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, पण तीन पौर्णिमांचे व्हिडिओ शेजारी ठेवले की दिसतो. तज्ज्ञांनाही ते दाखवा.

ऊसतोडीच्या सहा महिन्यांत

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. भीम जयंतीच्या आसपास परत येतात. थेरपीला सर्वांत मोठा खंड पडतो तो इथे. पावसाळ्यात चार महिन्यांत जे कमावले, ते कोपीवरच्या सहा महिन्यांत निघून जाते. शिवाय या काळात बाल स्वास्थ्य पथक गावात येऊन गेले तर लेकराची तपासणीही चुकते. म्हणून निघण्याआधी तयारी करा.

सप्टेंबरमध्ये एक भेट घ्याच. "आम्ही सहा महिने बाहेर आहोत" असे सांगून त्या काळाचा सराव कागदावर लिहून घ्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पंधरा दिवसांतून एकदा फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येईल का ते विचारा. लेकराचे सगळे कागद एका पिशवीत बरोबर ठेवा. कारखान्याच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवता येतात. कानाचे मशीन असेल तर सेल जास्तीचे घ्या. फडातली धूळ आणि घाम यापासून ते जपा, रात्री कोरड्या डबीत ठेवा.

पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या आईला सकाळची दहा मिनिटे मिळत नाहीत, हे खरे आहे. मग संध्याकाळची दहा मिनिटे सोडू नका. भाकरी होईपर्यंत वडिलांनी बसावे. दिवसभर धाकट्याला सांभाळणारी मोठी बहीण त्याच्याशी शब्दांचे खेळ खेळू शकते, पण थेरपीची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. तिची स्वतःची शाळा आहे.

लेकरू आजीजवळ गावी राहणार असेल किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत जाणार असेल, तर ते थेरपीसाठी उत्तमच. सप्टेंबरच्या भेटीला आजीलाही बरोबर न्या. सराव तीच घेणार आहे, तेव्हा तिला शिकवले पाहिजे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच तज्ज्ञाला भेटा.

हे करू नका

जिभेला वेखंड घासून बोलणे येत नाही. उलट वेखंड पोटात गेल्याने बाळाला उलट्या होतात. पोपटाचे उष्टे, अंगारा, नवस, ताईत यांनीही वाचा फुटत नाही. फुटली असे ज्यांना वाटते त्यांचे लेकरू आपल्या वेळेने बोलणारच होते. जिभेखालची तार कापली की लेकरू बोलू लागेल, हाही मोठा गैरसमज आहे. न बोलण्याचे ते कारण फार क्वचित असते. तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय कापू नका.

"याचा बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून दोन वर्षे वाट बघू नका. थांबल्याने लेकरू सुधारले तर आनंदच आहे, पण नाही सुधारले तर गेलेली दोन वर्षे परत येत नाहीत. तपासणीने नुकसान काहीच होत नाही.

आणि लेकराला "बोबड्या", "तोतऱ्या", "मुका" अशा नावांनी हाक मारू नका, कोणाला मारू देऊ नका. हसले जाणारे लेकरू बोलणे सोडते. बोलणे सोडले की सराव संपला.

कमी कधी करायचे, बंद कधी करायचे?

थोडा फरक दिसला की खेपा बंद होतात, ही नेहमीची गोष्ट आहे. शिकलेला आवाज सरावाच्या वेळी बरोबर येतो, पण खेळताना, भांडताना, शाळेत येत नाही, तोवर काम अपुरे आहे. रोजच्या बोलण्यात तो टिकू लागला की तज्ज्ञांना विचारून आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर, मग तीन महिन्यांवर न्या.

उलटही होते. तीन महिने नियमाने गेलो, घरी रोज सराव केला आणि काहीच फरक नाही. मग गप्प बसून तेच चालू ठेवू नका. कान पुन्हा तपासायचा का, पद्धत बदलायची का, भेटी वाढवायच्या का, हे विचारा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. थेरपी ही तुमच्या लेकरासाठी आहे आणि प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आपल्या समाजाने शिक्षणाच्या बळावर वाट काढली. वर्गात ज्या लेकराला उत्तर येते पण सांगता येत नाही, ते मागच्या बाकावर जाते, "ढ" ठरते आणि हळूहळू शाळा सोडते. ते लेकरू ढ नव्हते, त्याला फक्त वेळेवर मदत मिळाली नाही. आपल्या वस्तीत असे लेकरू असेल तर त्याच्या घरच्यांना हा लेख वाचून दाखवा आणि पथकाची तारीख कळवा. आणि आपल्याच घरात असेल, तर आज संध्याकाळी दहा मिनिटे काढा.